पडद्यावरचा डाग आणि वॉरंटीचा कागद: एका पातळ थराचा इतिहास



पेट झाली, मुलाखत झाली, आता संशोधनाचा विषय ठरवायचाय, अशा टप्प्यावर असलेल्या अनेकांचे मेसेज येतात. सगळ्यांचा प्रश्न साधारण एकच असतो: "प्रश्न कसा शोधायचा?" आज त्याचं उत्तर थेट देण्याऐवजी माझ्या लॅपटॉपची एक गोष्ट सांगते. गोष्ट भांडणाची आहे, पण ती मला दोनशेहून जास्त वर्षं मागे घेऊन गेली.

मी भौतिकशास्त्रात एमएस्सी केलं आणि आता पातळ थरांवर पीएचडी करतेय. माझं निम्मं काम म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची काळी-करडी छायाचित्रं तासन्‌तास पाहणं. जानेवारीत एके दिवशी एका छायाचित्रात मला फिकट ठिपक्यांची रांग दिसली. नमुन्यात काहीतरी नवीन सापडलं म्हणून मी खूश झाले. छायाचित्र सरकवलं, तर ठिपके जागच्या जागी! डाग नमुन्यावर नव्हता, पडद्यावर होता. पडद्याच्या काचेवरचं चकाकी कमी करणारं कोटिंग जागोजागी उडालं होतं.

लॅपटॉप १६ महिन्यांचा. जास्तीचे पैसे भरून मी ३ वर्षांची वॉरंटी घेतलेली. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने पडदा दिव्याखाली तिरका धरला, अर्धा मिनिट बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, हे फिजिकल डॅमेज आहे. वॉरंटीत बसत नाही. तुम्ही कशाने तरी पुसलं असणार." नवीन पडद्याचा अंदाज २८ हजार रुपये. फेलोशिप कधी येते आणि किती येते हे ज्यांना माहीत आहे, त्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

मला राग आला, पण घरी येताना डोक्यात एक प्रश्न राहिला. त्या मुलाने काहीही मोजलं नव्हतं. मग हा डाग म्हणजे कारखान्यातला दोष, वापराची झीज की मी केलेली इजा, हे त्याने ठरवलं कशावरून? आणि हे ठरवण्याचा अधिकार त्याला दिला कोणी?

डाग मित्र होता तेव्हा

आधी थोडं भौतिकशास्त्र. हवेतून साध्या काचेवर प्रकाश पडला की त्यातला सुमारे ४ टक्के परत फिरतो. एका पृष्ठभागाला ४ टक्के म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण एखाद्या उपकरणात १० भिंगं असतील तर पृष्ठभाग होतात २०. प्रत्येक ठिकाणी ९६ टक्केच पुढे जाणार. ०.९६ ला २० वेळा गुणून बघा, शेवटी जेमतेम ४४ टक्के प्रकाश उरतो. बाकीचा नुसता वाया जात नाही, तो भिंगांमध्ये इकडेतिकडे उसळून प्रतिमा धूसर करतो.

यावरचा उपाय कोणी शोधून काढण्याआधी काचेनेच दाखवला होता. जर्मनीत फ्राउनहोफरने १८१७ च्या सुमारास आम्लाने डागाळलेली काच कमी परावर्तन करते हे पाहिलं होतं. इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅले यांना १८८६ मध्ये दिसलं की जुनी, हवेने डागाळलेली काच नव्या स्वच्छ काचेपेक्षा कमी प्रकाश परत पाठवते. त्यानंतर काही वर्षांनी यॉर्कच्या कुक कंपनीतले भिंगतज्ज्ञ हॅरॉल्ड डेनिस टेलर यांनी तेच दुर्बिणीच्या भिंगांवर पाहिलं.

टेलर यांची अडचण आपल्या ओळखीची आहे. दुर्बिणीच्या जुन्या भिंगांवर रंगीत डाग पडत. ज्यांनी एवढे पैसे मोजून दुर्बीण घेतली त्यांना वाटणार, भिंग बिघडलं. टेलर यांनी दुर्बिणीची भिंगं कशी तपासावीत यावर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी अशा मालकांना दिलासा दिला आहे की हा डाग शत्रू नाही, त्याने उलट जास्त प्रकाश आत जातो.

आता आपल्या नजरेने बघा. विकणाऱ्या कंपनीचा माणूस गिऱ्हाईकाला सांगतोय की डाग हा दोष नाहीच! आज कोणी असं म्हटलं तर आपण हसू. पण टेलर खरं बोलत होते, आणि ते खरं बोलत होते हे कोणालाही तपासता येत होतं. डागाळलेलं भिंग आणि नवं भिंग शेजारी ठेवा, पलीकडे किती प्रकाश येतो ते मोजा, विषय संपला. मोजमाप दोघांच्याही हातात होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९०४ मध्ये टेलर यांनी रसायनांनी मुद्दाम डाग पाडण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. मात्र प्रत्येक काचेचं रसायन वेगळं, त्यामुळे परिणामाचा भरवसा नाही. पद्धत फारशी चालली नाही.

थर बसला, पण टिकेना

पुढची पायरी म्हणजे डाग पडायची वाट न बघता बाहेरून थर चढवणं. तत्त्व असं: थराची जाडी त्यातल्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या एक चतुर्थांश ठेवली, की थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लाटा एकमेकींना मारतात. हिरव्या प्रकाशासाठी ही जाडी साधारण १०० नॅनोमीटर येते. केसाच्या जाडीच्या शेकडो पट कमी.

१९३५ मध्ये जर्मनीतल्या झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वातात पदार्थाची वाफ करून भिंगावर असा थर बसवला. अमेरिकेत जॉन स्ट्राँग यांनी १९३६ मध्ये कॅल्शियम फ्लोराइडचा थर दिला. १९३८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत कॅथरिन ब्लॉजेट यांनी वेगळाच मार्ग काढला. पाण्यावर तरंगणारा बेरियम स्टिअरेटचा एका रेणूएवढा जाड थर काचेवर उचलायचा, असे ४४ थर एकावर एक. काच जवळजवळ अदृश्य! ब्लॉजेट या केंब्रिजमधून भौतिकशास्त्रात पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या महिला, त्यामुळे आमच्या लॅबच्या भिंतीवर त्यांचा फोटो आहे.

पण फोटोखाली जे लिहिलेलं नाही ते असं, की तो थर साबणाच्या जातीचा होता. बोट फिरवलं की निघून जायचा. त्याच सुमारास एमआयटीत कार्टराइट आणि टर्नर यांनी निर्वातात फ्लोराइडचे थर दिले. ते जास्त चिवट होते, तरी थंड काचेवर बसवलेला थर ओरखड्यांना टिकत नसे. काच निर्वातातच तापवून घेतली तर मॅग्नेशियम फ्लोराइड कडक बसतो, हे लक्षात आल्यावर १९४० च्या दशकात गाडी पुढे गेली.

म्हणजे प्रकाशाचं गणित लवकर सुटलं होतं. खरी झुंज होती ती चिकटण्याची आणि टिकण्याची. तुम्ही पातळ थरांवर काम करणार असाल तर ही गोष्ट आत्ताच लिहून ठेवा. पेपरमध्ये आलेख गुणधर्मांचा असतो, आयुष्य जातं ते थर सोलवटतो का हे बघण्यात.

परीक्षेचा पेपर कोणी काढला?

थर टिकतो की नाही हे ठरवायचं कसं? स्ट्राँग यांच्याच काळातली एक युक्ती आजही आम्ही वापरतो: थरावर चिकटपट्टी लावायची आणि खेचायची. पट्टीबरोबर थर आला तर नापास. ऐकायला बालिश वाटतं, पण जगभरच्या प्रयोगशाळांत ती चालते.

दुसऱ्या महायुद्धात दुर्बिणी, पेरिस्कोप आणि नेम धरायच्या उपकरणांना कोटिंग लागलं, तेव्हा हा विषय लष्कराकडे गेला. पुढे अमेरिकी लष्कराने कोटिंग केलेल्या भिंगांसाठी मानकं लिहिली. कापड इतक्या वेळा घासायचं, खोडरबर इतक्या वेळा फिरवायचं, दमट हवेत इतका वेळ ठेवायचं, खारट फवाऱ्यात ठेवायचं, आणि त्यानंतर थर शाबूत पाहिजे. सगळं आकड्यांत.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की परीक्षेचा पेपर खरेदीदाराने काढला होता. नौदलाला समुद्रावर दुर्बीण वापरायची होती, म्हणून खारट पाणी परीक्षेत आलं. सैनिक भिंग बाहीने पुसणार, म्हणून घासणं परीक्षेत आलं. "तुमच्या सैनिकाने पुसलं, सबब वॉरंटी नाही" असं पुरवठादाराला म्हणता येत नव्हतं. पुसणं हा वापराचाच भाग आहे हे कागदावर आधीच ठरलं होतं.

आता लॅपटॉपकडे या. इथे काचेवर अनेक थर असतात, आणि बोटांचे ठसे बसू नयेत म्हणून सगळ्यात वर अजून एक. झाकण बंद केलं की पडदा आणि कीबोर्ड यांच्यात अंतर जेमतेम उरतं. बॅगेत पुस्तकांचा दाब आला की कळा पडद्याला टेकतात, कळांवरचं बोटांचं तेल थरावर बसतं. हा रोजचा वापर आहे. पण हा वापर परीक्षेत आहे का? असला तर किती दाबाने, किती वेळा? हे गिऱ्हाईकाला कोणी सांगत नाही. इथे पेपर काढणारा, तपासणारा आणि निकाल लावणारा एकच.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण ॲपलचं. २०१२ ते २०१५ च्या काळातल्या रेटिना पडद्याच्या मॅकबुक प्रोवर कोटिंग उडून डाग पडू लागले. सुरुवातीला अनेक गिऱ्हाइकांना हे वरवरचं नुकसान आहे, वॉरंटीत बसत नाही, असं उत्तर मिळालं. तक्रारी हजारोंनी वाढल्या. ऑक्टोबर २०१५ मध्ये कंपनीने ठराविक मुदतीतले पडदे मोफत बदलून द्यायला सुरुवात केली, आणि नंतर ही मुदत खरेदीपासून ४ वर्षांपर्यंत नेली. मात्र जाहीर दुरुस्ती कार्यक्रमांच्या यादीत हे नव्हतं. ज्याला कळलं त्याला मिळालं. डाग तोच होता, त्याचं नाव "नुकसान" वरून "दोष" झालं, कारण मोजणारे हजारो झाले.

(माझा लॅपटॉप त्या कंपनीचा नाही. ज्या कंपनीचा आहे तिचं नाव लिहिणार नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही.)

वॉरंटीचा कागद कुठून आला?

वॉरंटी म्हणजे कंपनीने गिऱ्हाइकाला दिलेलं वचन, असं आपण समजतो. इतिहास बघितला तर हा कागद बरेचदा कंपनीची जबाबदारी कुठे संपते ते सांगण्यासाठी लिहिलेला दिसतो.

१९५५ मध्ये अमेरिकेत क्लॉस हेनिंगसन यांनी पत्नीसाठी नवी प्लिमथ गाडी घेतली. १० दिवसांत स्टिअरिंगने दगा दिला, गाडी भिंतीवर आदळली, पत्नीला इजा झाली. कराराच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं: ९० दिवस किंवा ४,००० मैल, तेही फक्त खराब भाग बदलून देऊ, बाकी कसलीच हमी नाही. दुसऱ्या कंपनीकडे जावं तर तिथेही तेच, कारण मोटार उत्पादकांच्या संघटनेने सगळ्यांसाठी एकच मसुदा केला होता. १९६० मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने ही अट फेटाळली. जिथे गिऱ्हाइकाला घासाघीस करायची जागाच नाही, तिथे त्याची सही म्हणजे संमती नव्हे, असा त्याचा आशय.

अर्थशास्त्रात याची दुसरी बाजू आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० च्या प्रसिद्ध निबंधात दाखवलं की विकणाऱ्याला मालाची खरी स्थिती माहीत आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात चांगला माल मागे पडतो. त्यावरच्या उपायांत त्यांनी हमीही धरली आहे. १९८१ मध्ये जॉर्ज प्रीस्ट यांनी मांडलं की वॉरंटी ही जोखमीची वाटणी आहे. जे कंपनीला स्वस्तात टाळता येतं ते कंपनीकडे, जे गिऱ्हाइकाला टाळता येतं ते गिऱ्हाइकाकडे. मला हे पटतं. लॅपटॉप पाण्यात पडला तर कंपनीने का भरावं? पण झाकण बंद केल्यावर कळा पडद्याला टेकणं मी कसं टाळू? उघडाच ठेवू का?

आपल्याकडे काय?

आपल्याकडे १९३० चा मालविक्री कायदा आहे. माल ठराविक कामासाठी योग्य आणि विक्रीयोग्य दर्जाचा असावा, अशी अट काही परिस्थितींत न लिहिताही करारात धरली जाते. पण सामान्य माणसाने त्यासाठी दिवाणी कोर्टात जायचं म्हणजे आयुष्य जायचं.

म्हणून १९७० च्या दशकातली ग्राहक चळवळ महत्त्वाची. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. २४ डिसेंबर १९८६ ला ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. तो दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. त्याच्या जागी २०१९ चा कायदा आला, तो जुलै २०२० पासून लागू आहे.

या कायद्यात मला दोन गोष्टी सापडल्या, आणि वाचताना मी अक्षरशः उठून बसले. पहिली, "दोष" या शब्दाची व्याख्या. करारात स्पष्ट लिहिलेल्या दर्जाइतकाच न लिहिलेला, गृहीत धरलेला दर्जाही त्यात येतो. म्हणजे वॉरंटीच्या कागदावर काय आहे एवढ्यावर विषय संपत नाही. दुसरी, दोष आहे की नाही हे चाचणीशिवाय ठरत नसेल, तर जिल्हा आयोग वस्तूचा नमुना योग्य प्रयोगशाळेत पाठवू शकतो. प्रयोगशाळेने साधारण ४५ दिवसांत अहवाल द्यायचा.

टेलर यांच्या दोन भिंगांची आठवण झाली ना? शेजारी ठेवा आणि मोजा. कायद्याने मोजमाप दोघांपैकी एकाच्या हातातून काढून तिसऱ्याकडे दिलंय. आणि आपण सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर अर्ध्या मिनिटाच्या नजरेला शेवटचा शब्द मानून परत येतो.

माझ्या पडद्याचं काय झालं?

मी जे शिकलेय ते केलं. पडद्याचे रोज एकाच कोनातून, एकाच दिव्याखाली फोटो काढले. फोटोवर कीबोर्डचा आराखडा ठेवला. बहुतेक डाग कळांच्या कडांशी जुळले. सरांची परवानगी घेऊन लॅबमध्ये परावर्तन मोजलं. शाबूत जागी १ टक्क्याच्या आत, उडालेल्या जागी ४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे उघडी काच. द्रावणाने पुसल्याने थर गेला असता तर पुसण्याच्या दिशेने पट्टे दिसायला हवे होते. ते नव्हते.

प्रामाणिकपणे सांगायचं तर खालच्या डाव्या कोपऱ्यातला एक डाग कुठल्याही कळेशी जुळत नव्हता. झाकण उघडताना माझा अंगठा तिथेच टेकतो. ती कदाचित माझीच झीज असेल. तेही मी लिहिलं. गाईड म्हणाले, "तो कोपरा लिहिलास म्हणून बाकीच्यावर विश्वास बसेल."

चार पानांचं पत्र, तारखा, फोटो, आलेख आणि शेवटी कायद्यातल्या त्या दोन तरतुदी. ३ आठवड्यांनी फोन आला. पडदा मोफत बदलून मिळेल, पण "एक वेळची सद्भावना" म्हणून. दोष मान्य नाही. मी पडदा घेतला. प्रबंधाचं तिसरं प्रकरण थांबलं होतं, नाही म्हणायची माझी ऐपत नव्हती.

महिन्याभराने आमच्या लॅबमधली ज्युनिअर तेच मॉडेल घेऊन त्याच सर्व्हिस सेंटरमध्ये गेली. तिच्या पडद्यावरही कळांच्या कडांशीच डाग होते. तिला उत्तर मिळालं, "मॅडम, तुम्ही कशाने तरी पुसलं असणार."

तेव्हा मला सद्भावनेचा अर्थ कळला. माझा पडदा बदलला, पण माझं मोजमाप कुठेच नोंदलं गेलं नाही. नोंद झाली असती तर ते पुढच्याच्या कामी आलं असतं. संशोधनात आपण ज्याला निष्कर्ष म्हणतो तो तसाच चालतो, एकाने मोजलेलं दुसऱ्याला वापरता येतं. सद्भावना माझ्यापाशीच संपली.

आता आम्ही दोघींनी मिळून तिची तक्रार लिहिलीय. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद झाली आहे. तिथे सुटलं नाही तर जिल्हा आयोग. आपण राहतो त्या जिल्ह्यातही दाखल करता येतं आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही. मुदत मात्र कारण घडल्यापासून २ वर्षं, ती विसरू नका. माझी सगळी मोजमापं तिच्या अर्जाला जोडली आहेत, तो कोपऱ्यातला अंगठ्याचा डागसुद्धा.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. संशोधनाचा प्रश्न कसा शोधायचा? कोणी तुम्हाला "हे असंच असतं" किंवा "हे यात बसत नाही" असं सांगितलं की दोन गोष्टी विचारा: हे कशाने मोजलं, आणि परीक्षेचा पेपर कोणी काढला? उत्तर शोधताना तुम्ही किती मागे जाल सांगता येत नाही. मी फ्राउनहोफरपर्यंत गेले.

ज्युनिअरच्या तक्रारीचं काय होतंय ते कळवेनच. तोपर्यंत बिल जपून ठेवा, फोटोवर तारीख येऊ द्या, आणि झाकण बंद करण्याआधी कीबोर्ड एकदा कोरड्या कापडाने पुसत जा.